गोलाच्या आतली पेरणी

कुदळे, तुमच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. संस्थेच्या वार्षिकात चार पानं मोकळी ठेवली आहेत. जन्म, शिक्षण, परदेशातली वर्षं, छापून आलेले निबंध हे सगळं वेगळ्या चौकटीत येणार आहे आणि ते दुसरं कोणीतरी लिहितंय. मला म्हणाले, "तुम्ही आठवणी लिहा, मॅडम. तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचात." शेजारी बसायचे हे खरं. पण आपण एवढी वर्षं शेजारी बसून भांडलोच. भांडणं वार्षिकात छापतात की नाही मला ठाऊक नाही. छापतील. नाही छापली तर मी आहेच.

सकाळपासून तीनदा टेबलावरून उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला. होता. एकदा स्कूटरला किल्ली राहिली का बघायला. नव्हती. तिसऱ्यांदा कशासाठी उठले ते आठवत नाही. तुम्ही गेल्यापासून असंच चाललंय. मागच्या रविवारी मिक्सर उघडून साफ करून परत जोडला. तो बिघडलेला नव्हता. बहिणीने विचारलं, "रडलीस का गं?" म्हटलं, वेळ नाही झाला. खरं म्हणजे रडू येत नाही, चीड येते. एक वाक्य अर्धवट टाकून तुम्ही उठून गेलात, आणि अर्धवट वाक्य मला सोसत नाही हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

वार्षिक वाचणारे सगळे आपल्या खोलीतले नाहीत, म्हणून आपलं काम सांगते. चुकलं तर नेहमीसारखं मधेच बोलू नका.

एक नवी दुर्बीण रात्रीमागून रात्री सगळं आकाश टिपत जाणार. चित्रं इतकी, की माणसाने डोळ्यांनी बघायची म्हटली तर जन्म पुरणार नाही. म्हणून ती बघणारा प्रोग्रॅम आधी तयार हवा. आपल्या प्रोग्रॅमने त्या चित्रांना एकच प्रश्न विचारायचा: या दीर्घिकेभोवती तारकागुच्छ कुठे आहेत? दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं अवाढव्य गाव. गुच्छ म्हणजे तिच्याभोवती फिरणारे म्हाताऱ्या ताऱ्यांचे घट्ट गोळे, एकेकात लाखो तारे. पण इतके लांब, की चित्रात त्या लाखोंचा मिळून एक ठिपका. आणि ठिपके तर चित्रभर. काही मधे आलेले आपल्याच आकाशगंगेतले तारे, काही फार मागच्या, चिमुकल्या दिसणाऱ्या दीर्घिका. कुठला ठिपका कोणाचा ते ओळखायचं. सांगायला एवढंच.

मी तुमच्याकडे आले ती हिंजवडीच्या एका कंपनीतून, बसमध्ये आयुष्याचा बराचसा भाग घालवून. पहिल्या दिवशी तुम्ही माझी माहिती वाचलीही नाहीत. विचारलंत, "कुठल्या बिल्डिंगमध्ये होता?" मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तिथं आमचं हरभऱ्याचं वावर होतं. तुमचं कँटीन बरोबर आमच्या विहिरीवर आहे."

"तरीच," मी म्हटलं, "तिथली आमटी पाणीदार असायची."

तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "उद्यापासून या, तांबोळीबाई." मुलाखत संपली.

पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला विचारलं होतं, हे गुच्छ शोधून होणार काय? कंपनीतली सवय. कोणाला हवंय, कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय. तुम्ही सरळ उत्तर दिलं नाहीत. म्हणालात, "हिंजवडीत म्हसोबा बघितलाय का? कंपन्यांच्या मधे?" बघितला होता. रस्ता त्याला वळसा घालून जातो, आणि बस तिथेच अडकते. "गाव गिळलं गेलं. वावरं गेली, गोठे गेले. म्हसोबा राहिला. दोन-चार विहिरी राहिल्या, वड राहिला. आता गावाचं नाव पुसलं तरी म्हसोबा कुठं कुठं आहेत ते बघून मी सांगीन, इथं वस्ती होती, एवढी होती. दीर्घिकाही एकमेकींना गिळतात. लहान दीर्घिका मोठीत गेली की तिचे तारे पांगतात, ओळखू येत नाहीत. पण गुच्छ घट्ट असतात, ते टिकतात. गुच्छ मोजा, कोणी कोणाला गिळलं ते कळेल."

कंपनीत मी लिहिलेले प्रोग्रॅम दोन वर्षांत मोडीत निघायचे आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही, मलाही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे नीट करावं. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "मग करा की."

आपल्या खोलीची एक रीत होती. प्रोग्रॅम किती चांगला हे तपासायचं कसं? खऱ्या आकाशात गुच्छ किती आहेत ते देवालाच ठाऊक. म्हणून तुम्ही खऱ्या चित्रात गुपचूप खोटे गुच्छ घालायचात. संगणकावर बनवलेले, दुर्बिणीतून जसे धूसर दिसतील तसे धूसर केलेले. किती आणि कुठे ते मला सांगायचं नाही. मी प्रोग्रॅम चालवून सापडले ते सांगायचे, मग तुम्ही पत्ते उघडायचात. सगळ्या जगात असं करतात, त्याला भारदस्त इंग्रजी नावं आहेत. आपल्या खोलीत मात्र ती पेरणी. सापडले ते उगवले. न पेरता सापडले ते, खरे ठरेपर्यंत, तण. तुमच्याकडे शिकायला आलेली तमिळ मुलगीसुद्धा महिन्याभरात विचारायला लागली, "सर, उगवण कितना हुआ?"

एकदा मी मोठ्या तोऱ्यात निकाल घेऊन आले. नवा प्रोग्रॅम, भरपूर गुच्छ, सगळे ठसठशीत. तुम्ही बडीशेप चघळत पूर्ण ऐकून घेतलंत.

"छान. आता ऐका. या खेपेस मी पेरलंच नव्हतं."

"मग हे काय आहे?"

"तण आहे, तांबोळीबाई. खुरपायला बसा."

दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. खुरपायला मात्र बसले.

आता त्या गोलाचं. सहा महिने आपण ज्यावरून भांडत होतो.

दीर्घिकेचा मध्य फार उजळ असतो. त्यातले ठिपके दिसायला हवेत तर आधी ती झळाळी चित्रातून वजा करावी लागते. ती पूर्ण निघत नाही. पांढऱ्या कापडावरचा हळदीचा डाग धुतला तरी त्याची कडा राहते, तसं काहीतरी मागे राहतं, आणि प्रोग्रॅमला त्या कडाही ठिपकेच वाटतात. तणच तण. म्हणून मी मध्याभोवती एक गोल आखला. गोलाच्या आत जे सापडेल ते टाकून द्यायचं. काम स्वच्छ झालं. माझ्या वडिलांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांची शिकवण होती की खरखरीला गाणं म्हणून विकायचं नाही.

"तुमच्या वडिलांकडं लोक खरखर घालवायला यायचे ना?" तुम्ही म्हणालात. "की ते सांगायचे, स्टेशनच लावू नका?"

"मधलं विश्वास ठेवण्यासारखं नाही, कुदळे."

"अहो, जिला गिळलं तिचं उरलंसुरलं मधेच जाऊन बसतं. तेच बघायचं आणि तेच तुम्ही झाकता. दगड आहेत म्हणून मधलं वावर कोणी पडीक टाकतं का?"

"टाकतात. मग तिथे आय.टी. पार्क होतं."

तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. पण हटला नाहीत. मीही हटले नाही. बैठकीत हटलो नाही, जिन्यात हटलो नाही, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही.

अशाच एका दुपारी चहाच्या टपरीवर तुम्ही मला तुमच्या आबांची आणि शेजारच्या तात्यांची गोष्ट सांगितलीत. दोघांच्या वावरांमधे एक बांध. नांगरट आली की आबा बांधातला एक तास आपल्याकडे ओढायचे. तास म्हणजे नांगराची एक रेघ. शेजाऱ्याच्या डोळ्यावर येत नाही, पण दरवर्षी बांध बारीक होतो. "त्याला बांध कोरणं म्हणतात. गुन्हा आहे." मी विचारलं, मग तात्या काय करायचे? "तेही पलीकडून कोरायचे. बांध इतका उरला, की सापाला वेटोळं घालून बसता येईना." दोघं जन्मभर एकमेकांच्या नावाने ओरडत राहिले. मग दोन्ही वावरं गेली, कंपनीची भिंत उभी राहिली, आणि दोघं म्हातारे, आबा जाईपर्यंत, त्या भिंतीसमोरच्या हॉटेलात एका बाकावर येऊन बसायला लागले.

"तिथे काय बोलायचे?"

"काही नाही. बोलायला बांध कुठं उरला होता?"

शुक्रवारी तुम्ही म्हणालात, "पुरे झालं. महिनाअखेर दुर्बिणीवाल्यांना प्रोग्रॅम पाठवायचा आहे, एकदा काय ते ठरवू. मी गोलाच्या आत पेरतो. तुम्ही गोल उचलून प्रोग्रॅम चालवा. निम्म्यावर उगवलं तर गोल गेला."

"आणि नाही उगवलं तर?"

"तर गोल राहील, आणि महिनाभर चहाचे कप मी विसळीन."

"तुम्ही विसळलेले कप मला परत विसळावे लागतात."

"मग जिंकूच नका ना."

संध्याकाळी पिशवी खांद्याला लावून दारात उभं राहून म्हणालात, "पेरलंय हां." मी मान वर न करता हो म्हटलं. रविवारी सकाळी तुम्ही उठलाच नाहीत.

दहाव्याला घाटावर आले होते. तुम्हाला आवडलं नसतं. माइक होता. एका पुढाऱ्यांनी सांगितलं, कुदळे सरांनी आपल्या गावाचं नाव चंद्रावर नेलं. चंद्राचा आणि तुमचा संबंध एवढाच, की तो आकाशात असला की मंद ठिपके बुडतात म्हणून तुम्ही त्याला शिव्या द्यायचात. मी शेजारच्या बाईंना हे सांगितलं. त्यांनी माझ्यापासून जरा लांब सरकून घेतलं.

मग कावळा येईना. पिंड ठेवले होते, भात होता, तुम्हाला आवडणारी भजी होती, आणि कावळे पलीकडच्या झाडावर बसून आमच्याकडे बघत होते. तुमचे धाकटे भाऊ विलासराव हात जोडून बोलले, "दादा, आईची काळजी करू नगंस." कावळा नाही. चुलतभाऊ बोलले. पुतण्या बोलला. एका फार म्हाताऱ्या माणसाला स्कूटरवरून आणून खुर्चीवर बसवलं होतं. ते मोठ्याने म्हणाले, "आबाचं पोरगं हाय ते. सरळ यायचं न्हाई." तेच तात्या, हे मला मागाहून कळलं.

विलासराव माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं काय ऱ्हायलंय का त्याच्याकडं? बोला की. हापिसातलं आसंल तरी बोला."

आमच्यात कावळा नसतो, कुदळे. आमच्यात चाळिसावा असतो. तोवर माणूस घराच्या आसपास असतो असं अम्मी म्हणायची. मला यातलं काहीच पटत नाही. पण सगळे माझ्याकडे बघत होते. तुमचंच खरं, गोल काढते, असं म्हणून टाकलं असतं तर कोणाचं काही गेलं नसतं, आणि समजा नेमका त्याच वेळी कावळा आला असता तर जन्मभर मला ते पाळत बसावं लागलं असतं. मी म्हटलं, "पेरणी उघडून बघीन. उगवलं तर मान्य करीन. नाही उगवलं तर नाही."

कावळा अर्थातच आला नाही.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. सगळे मोकळे झाले, चपला शोधायला लागले. माझ्या डोक्यात एकच आलं: जन्मभर खोटे गुच्छ पेरणाऱ्या माणसाला खोटा कावळा शिवला. हे सांगायला मी शेजारी वळले. शेजारी त्याच बाई होत्या.

घरी तुमच्या आईने माझा हात धरून ठेवला. "तुमीच व्हय त्या? मारुती रोज येऊन सांगायचा. त्या बाईला काय बी सांगा, पटतच न्हाई. अन् हासत जेवायचा." एकट्या मुलाच्या जेवणाची आईला किती काळजी असते ते त्यांच्या बोलण्यात होतं. तुम्ही संसार केला नाहीत. संध्याकाळी घरी जाऊन सांगायला तुमच्याकडे काय असेल, असं मला कधीकधी वाटायचं. मी असेन, हे सुचलं नव्हतं.

त्यानंतर मला पेरणी उघडायला हवी होती. पत्ते तुमच्याजवळ, म्हणजे ते गेले. पण पत्त्यांची गरजच नव्हती. मूळ चित्र आपल्या भांडारात असतं, त्याला कोणाला हात लावता येत नाही, तुम्हालाही नाही. तुमच्या चित्रातून मूळ चित्र वजा केलं की आकाशातून आकाश जाईल, आणि उरेल ते तुमचं. चहा उकळायच्या आत होणारं काम.

मी ते केलं नाही. टेबल आवरलं. जुन्या वायरी सोडवल्या. स्वारगेटला एका नातेवाइकाला सोडायला गेले आणि बस निघून गेल्यावरही तिथेच उभी राहिले, एका कंडक्टरने विचारलं, "बाई, कुठं जायचंय?" तेव्हा हलले. गोल उचलून प्रोग्रॅम चालवून ठेवला होता. मधे ठिपके आले होते, बरेच. त्यातले तुमचे कुठले आणि तण कुठलं हे फक्त तुमची पेरणी उघडल्यावर कळणार होतं.

भीती एकाच गोष्टीची होती. पडदा कोरा निघाला तर? तुम्ही एकदा न पेरता फसवलं होतंत. पुन्हा तसंच केलं असेल तर चेष्टा समजून सोडून देता आलं असतं. पण त्या शुक्रवारी तुम्ही जिन्यात कठड्याला धरून थांबला होतात, आणि मी म्हटलं होतं, "भजी कमी करा." तेव्हा बरं नव्हतं म्हणून काही केलंच नसेल, आणि केलं असं नुसतं सांगितलं असेल, तर? कोऱ्या पडद्यावरून यातलं कुठलं ते मला कधीच कळलं नसतं.

मधेच आपल्या प्रमुख बाई येऊन बसल्या. समजुतीने म्हणाल्या, "शमीम, गोल ठेव आणि पाठवून दे. सगळेच ठेवतात. सुरुवातीला त्यांच्या नावाने अर्पण लिहू." चांगल्या मनाने म्हणाल्या. पण मला ते ऐकून बसवेना. म्हणजे मी जिंकले. समोरचा उठून गेला म्हणून जिंकले, आणि वर त्याचं नाव पहिल्या पानावर. तुम्ही मला काय काय म्हणाला असता ते मी जिन्यातून उतरताना सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत कोणी यायच्या आत वजाबाकी केली.

पडदा काळा. संपूर्ण काळा.

मी उठले, पाणी प्यायले, खिडकी उघडली, लावली. मग डोकं जरा ठिकाणावर आलं. इतके मंद ठिपके असे दिसतीलच कसे? कंपनीतून आलेल्या नवख्या मुलीला मी हे पहिल्या दिवशी शिकवते. पडद्याचा उजाळा वाढवला. आणि एकेक करत ते वर आले.

एक कडं होतं, कुदळे. गोल, जरासं वेडंवाकडं, मंद ठिपक्यांचं. मी त्यावर माझा गोल आखून बघितला. तुमचे सगळेच्या सगळे ठिपके माझ्या रेषेच्या जरासे आत, रेषेला धरून, चहूबाजूंनी. मधे काहीच नाही. सहा महिने मध्यासाठी भांडलेल्या माणसाने मधे एक दाणा टाकलेला नव्हता.

आधी मला संताप आला. गोलाच्या आत म्हणालात आणि आतच पेरलंत, शब्दाला पक्के. पण हा तर सोपा पेपर काढला! उगवण बघितली. जवळजवळ सगळे उगवले होते. रेषेजवळ तण नगण्य. मध्याकडे मात्र प्रोग्रॅमने काढलेले ठिपके तुमच्या पेरणीत कुठेच नव्हते. तिथे काय आहे ते आजही कोणी सांगू शकणार नाही. तुमच्या अटीप्रमाणे गोल जायला हवा. माझ्या हिशेबाने मधलं तपासलंच गेलं नाही, म्हणून राहायला हवा. आणि हे कोणाशी भांडू?

विलासरावांना फोन केला. कोणाला तरी सांगायचंच होतं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की मी एक गोल आखला होता, दादा म्हणत होते सगळा गोल काढा, आणि शेवटी बघते तर त्यांनी फक्त रेषेच्या आतल्या बाजूने पेरून ठेवलंय.

ते फोनमध्ये मोठ्यांदा हसायला लागले. "बांध कोरला म्हना की!"

"म्हणजे?"

"अवो, मधलं वावर त्याला नगंच हुतं. आबांची रीत हाय ती. आबा तात्याला म्हनायचे, तुजं आख्खं वावर माजं हाय, कागद काढ! तात्या घरात कागद हुडकत बसायचा, तवर हिकडं नांगराचा एक तास आत. तात्या कागद घिऊन आला की आबा म्हनायचे, ऱ्हाऊ दे, तुज्याशी कोन भांडनार." हसता हसता त्यांचा आवाज बदलला. "लई दिसांनी हासलो, मॅडम."

तर असं आहे. सहा महिने मी मध्यासाठी पुरावे गोळा करत होते. परदेशातून निबंध मागवले, रात्रीचा दिवस करून आलेख काढले. कागद हुडकत होते. आणि तुम्ही तिकडे एक तास आत. मध्य अजून हातात येणार नाही हे तुम्हालाही दिसत होतं. कदाचित माझ्या आधी दिसलं होतं. ते कबूल करायच्या ऐवजी तुम्ही ते पेरून ठेवलंत. सोमवारी माझ्याशी भांडायचं होतं, आणि त्यात मजा येणार होती, हे मला आता कळतंय. माझी सोमवारची भांडणाची तयारी तशीच पडून आहे.

मी गोल लहान केला. तुमचं पीक जिथवर उगवलं तिथवर आणला, त्याच्या आत रेघभरही नाही. मधलं अजून माझं. प्रोग्रॅम पाठवला. अर्पण वगैरे लिहिलं नाही. तुम्हाला पहिल्या पानावर बसवून गप्प करायचं माझ्या जिवावर आलं. एक गोष्ट मात्र केली. गोल किती मोठा, तो आकडा मी प्रोग्रॅमच्या पोटात पक्का बसवून ठेवला होता, कोणाला हात लावता येऊ नये म्हणून. तो बाहेर काढला. आता वापरणाऱ्याला तो बदलता येतो. शेजारी एक ओळ लिहून ठेवली: बदलण्याआधी आत पेरून बघा, आणि उगवण दाखवा.

कप कोणी विसळायचे ते ठरलं नाही. सध्या मी विसळते. फरक इतकाच की एकदाच विसळावे लागतात.

परवा हिंजवडीकडे गेले होते, तुमच्या आईला भेटायला. येताना त्या भिंतीसमोरच्या हॉटेलाशी थांबले. तात्या बाकावर बसले होते, एका टोकाला, आबांची जागा अजून सोडून. मी जाऊन बसले. त्यांनी विचारलं, कोण तुम्ही? म्हटलं, मारुतीच्या बांधाला बांध होता माझा. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पोऱ्याला दुसरा चहा सांगितला.

दुर्बिणीची चित्रं येतील. कुठलं तरी पोर, कुठल्या तरी देशात, तो आकडा बघेल आणि म्हणेल, ही बाई मधलं का झाकून बसली आहे? थोडंसं पेरून बघेल. एक तास आत येईल. येऊ दे. फुकट मिळणार नाही. बांधाच्या या बाजूला मी आहे.